भाजलेल्या जखमेतला स्युडोमोनास आणि व्हिटॅमिन: प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष. मार्गदर्शक मॅडमनी विषय मान्य केला: भाजलेल्या जखमेतून मिळालेल्या स्युडोमोनास एरुजिनोसावर व्हिटॅमिनचा परिणाम. जंतू मारणं हा हेतू नाही. तो जिवंत राहिला तरी चालेल, पण त्याचं विष बनवणं, चिकट थर करून बसणं आणि ऊती खाणारी विकरं सोडणं कमी व्हावं. मारायला गेलं की वाचणारे प्रतिकारक निघतात. नुसतं नि:शस्त्र केलं तर तो दबाव कमी पडेल, अशी आशा आहे.

हाच जंतू का, हे बर्न्स वॉर्डात ड्रेसिंग बदलताना एकदा उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गॉज हिरवट-निळं होतं आणि द्राक्षासारखा गोडसर वास येतो. हिरवा-निळा रंग पायोसायनिनचा. तो फक्त रंग नाही, पेशींना इजा करणारं रसायन आहे. जळालेल्या मृत कातडीत रक्त पोचत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही. जंतूला मात्र ओल आणि प्रथिनं दोन्ही फुकट.

यादी: व्हिटॅमिन सी, बी२ (रायबोफ्लेविन), के३ (मेनाडायोन), ई. तुलनेसाठी याच जंतूचा पीएओ१ हा स्ट्रेन (वाण). तो मुळात १९५४ साली मेलबर्नमध्ये एका जखमेतून मिळाला आणि २००० साली त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला. शिवाय जिल्ह्याच्या एका रुग्णालयातले काही आयसोलेट, म्हणजे रुग्णांच्या जखमांतून वेगळे काढलेले जंतू.

पुढच्या बॅचसाठी पहिली सूचना: मेडिकल दुकानातून इंजेक्शनचे अँप्युल किंवा चघळायच्या गोळ्या आणू नका. स्वस्त पडतात म्हणून मोह होतो. अँप्युलमध्ये टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं असतात, गोळीत साखर आणि रंग असतात, आणि व्हिटॅमिन के१ च्या इंजेक्शनमध्ये ते विरघळवण्यासाठी साबणासारखा पदार्थ असतो, जो एकटाच चिकट थर सैल करू शकतो. शुद्ध पावडरच घ्या. सी ची पावडर काही शे रुपयांत येते. मेनाडायोन महाग पडलं.

२२ जुलै

आयसोलेट अजून आलेले नाहीत. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. नमुने टाकाऊ असोत, नावं काढून टाकलेली असोत, तरी हवीच, आणि ते योग्यच आहे. समितीची बैठक रोज भरत नाही. प्रकल्प ठरल्या दिवशी अर्ज टाका, माध्यमं नंतर ओता.

तोवर पीएओ१ जागा केला. ग्लिसरॉलमध्ये साठे करून ठेवले. रोज प्लेटवरून प्लेटवर ओढत राहिलं तर काही आठवड्यांत तुमच्या हातातला जंतू मूळचा राहत नाही. एकमेकांचे रासायनिक निरोप ऐकणं बिघडलेले प्रकार त्यातून हळूहळू वर येतात.

२ ऑगस्ट

व्हिटॅमिन सी ची एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा. ९६ विहिरींची (छोट्या खड्ड्यांची) प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव माध्यम), दुपटी-दुपटीने पातळ केलेलं द्रावण, विहिरीत शेवटी मिलीला ५ लाख जंतू. सकाळी प्लेट उचलली तर ४ मिग्रॅ/मिली आणि त्यावरच्या सगळ्या विहिरी काचेसारख्या स्वच्छ. प्रयोगशाळेत आनंदीआनंद. मामांनीही येऊन बघितली. (मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. ऑटोक्लेव्ह त्यांच्याच ताब्यात असतो.)

मॅडम आल्या आणि एकच प्रश्न विचारला, "पीएच किती?"

पट्टी बुडवली. साडेचारच्या खाली. एस्कॉर्बिक आम्ल हे आम्लच आहे, आणि म्युलर-हिंटनमध्ये त्याला तोलून धरण्याइतकं बफर नसतं. शेजारच्या रांगेत नुसतं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच तेवढाच आणला. तिथेही काही वाढलं नाही.

म्हणजे ती प्लेट व्हिटॅमिनबद्दल काहीच सांगत नाही. स्युडोमोनासला आम्ल सोसत नाही ही जुनी गोष्ट आहे. भाजलेल्या जखमांवर पातळ असेटिक आम्लाचं ड्रेसिंग त्याच कारणाने पूर्वापार वापरतात. काम आम्लानेच होणार असेल तर व्हिनेगर व्हिटॅमिनपेक्षा स्वस्त आहे. दुसरा तोटाही आहे: जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधं आम्लात दुबळी पडतात. जखम आंबट करून वर अमिकासिन दिलं तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल.

१२ ऑगस्ट

सी चं द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडने ७.२ वर आणलं. पुढे सरळ सोडियम एस्कॉर्बेटच (सी चा तटस्थ क्षार) मागवलं, वेळ वाचतो. सोबत तेवढंच सोडियम देणारी मिठाची रांग, कारण नुसत्या क्षारानेही वागणूक बदलते.

आता ४ च्या विहिरी गढूळ झाल्या, म्हणजे वाढ झाली. पण ८ मध्ये कधी वाढ, कधी नाही. एकाच दिवसाच्या तीन विहिरींत तीन उत्तरं. यात बराच काळ गेला. पिपेट तपासली, टिपा बदलल्या, माध्यमाची बाटली बदलली.

कारण वेगळंच निघालं. पीएच ७ ला हवा आणि माध्यमातलं लोह-तांबं यांच्या संगतीत एस्कॉर्बेट ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मरत होते ते पेरॉक्साइडने. स्युडोमोनासकडे कॅटालेज भरपूर असतं, त्यामुळे जंतू दाट असले तर ते पेरॉक्साइड फोडून टाकतात आणि वाढतात. विरळ असले तर मरतात. इनोक्युलममध्ये (सुरुवातीला घातलेल्या जंतूंत) जरा कमीजास्त झालं की उत्तर उलटं. विहिरीत कॅटालेज घातलं, गोंधळ थांबला. ८ मध्येही वाढ.

यातून दोन नियम केले आणि ते शेवटपर्यंत पाळले. एक, एस्कॉर्बेटचं द्रावण वापरण्याच्या तासाभरात बनवायचं. रात्री बनवून फ्रीजमध्ये ठेवलेलं सकाळी पिवळसर दिसलं तर फेकायचं. दोन, प्रत्येक प्रयोगात कॅटालेज घातलेली एक रांग.

पुढच्या कामासाठी १ मिग्रॅ/मिली ठरवलं. त्याने वाढीचा आलेख हलत नाही, हे दर तासाला रीडिंग घेऊन बघितलं. हे बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. जंतूच कमी झाले तर विषही कमी होणारच, त्यात नि:शस्त्र करणं कुठे आलं? पण हे १ मिग्रॅ/मिली म्हणजे किती, तेही लक्षात ठेवायला हवं. निरोगी माणसाच्या रक्तात सी असतं मिलीला साधारण ०.०१ मिग्रॅ. आमची मात्रा त्याच्या शंभरपट. आवळा किंवा लिंबू खाऊन जखमेत एवढं पोचत नाही. जखमेवर वरून लावायच्या मात्रेबद्दलच आम्ही बोलतोय.

२६ ऑगस्ट

आयसोलेट आले. रुग्णालयातल्या तंत्रज्ञ ताईंनी नुसते क्रमांक घातलेले स्लँट (तिरक्या आगरावर जंतू वाढवलेल्या नळ्या) दिले. स्युडोमोनास ओळखायच्या चाचण्या, सेट्रिमाइड आगर, ऑक्सिडेज, ४२ अंशांवर वाढ: सगळे पास. पण रंगरूपात एकाला दुसरा सारखा नाही. एक गर्द निळा, दोन फिके हिरवे, एक तपकिरी, एक शेंबडासारखा लिबलिबीत, आणि एका प्लेटवर वसाहतींना धातूसारखी चमक.

चमकणाऱ्याने कान टवकारले. स्किम मिल्क आगरवर त्याच्याभोवती पारदर्शक कडं उमटलंच नाही, म्हणजे प्रोटिएज (प्रथिनं फोडणारं विकर) सोडतच नाही. ही लक्षणं लासआर जनुक बिघडलेल्या प्रकाराची असतात. स्युडोमोनास एकमेकांना रासायनिक निरोप देतात, संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून हत्यारं काढतात. त्या निरोपाचा मुख्य कान म्हणजे लासआर. रुग्णांमधून आलेल्या आयसोलेटमध्ये हा कान गेलेले बरेच सापडतात. जो ऐकतच नाही त्याचं ऐकणं व्हिटॅमिनने कसं थांबवणार? हा आयसोलेट काढून टाकावा असं मनात आलं. मॅडम म्हणाल्या, ठेव, वॉर्डात हेही येतातच. ठेवला.

२९ ऑगस्ट

व्हिटॅमिन ई यादीतून बाद. तेल आहे, ब्रॉथवर तवंग धरतं. तवंगाखाली हवा कमी पडते आणि हवेवर जगणारा हा जंतू आपोआप मंदावतो. ट्वीन ८० हा साबणासारखा पदार्थ घालून कालवलं तर द्रावण दुधासारखं, ओडी (गढूळपणाचं माप) वाचता येईना. शिवाय ट्वीन ८० एकटाच स्युडोमोनासचा थर कमी करतो. नुसत्या ट्वीनच्या रांगेत ते आम्हालाही दिसलं. ज्याला विरघळवायला लागणारी वस्तूच परिणाम करते, त्याच्यावर यापुढे पैसे घालायचे नाहीत.

मेनाडायोनची तीच अडचण, पण हाताबाहेरची नाही. डीएमएसओ या द्रावकात विरघळतं. डीएमएसओ विहिरीत २ टक्क्यांच्या घरात गेला की तोच पायोसायनिन कमी करायला लागतो. आम्ही ०.५ टक्क्यावर थांबलो आणि प्रत्येक प्लेटवर नुसत्या डीएमएसओची रांग ठेवली. पाण्यात विरघळणारं बायसल्फाइटचं रूपही मिळतं, पण मग बायसल्फाइटची वेगळी रांग लावा, ते स्वतः क्षपण करतं (समोरच्या रसायनाला इलेक्ट्रॉन देतं).

रायबोफ्लेविन पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरला जेमतेम ०.१ ग्रॅम. कोमट पाण्यात ढवळून गाळून घेतलं. बाटलीला फॉइल. फॉइलचं कारण पुढे.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली. क्रोमोबॅक्टेरियम मेलेला.

हा जांभळा जंतू पुण्याच्या एनसीआयएम या जंतुसंग्रहातून आणला होता. निरोप मिळाला की तो व्हायोलासिन नावाचा जांभळा रंग बनवतो, निरोप अडवला की पांढरा राहतो, म्हणून पहिल्या चाळणीला सोयीचा. बाकी सगळ्या स्लँटसोबत त्यालाही फ्रीजमध्ये ठेवलं गेलं. हा उष्ण प्रदेशातला, ४ अंशांवर टिकत नाही. खोलीच्या तापमानाला अंधारात ठेवा, किंवा ग्लिसरॉल घालून खोल गोठवा. फ्रीज नको. नवा मागवायला खर्च आणि वेळ दोन्ही गेलं.

नवा येईपर्यंत वाचन केलं. २००० साली जपानमध्ये मोठ्या भाजलेल्या रुग्णांना पहिल्या दिवशी ताशी किलोला ६६ मिग्रॅ एवढं सी शिरेतून दिलं होतं. त्यांना सलाईन कमी लागलं. तिथला हेतू वेगळा, केशवाहिन्यांची गळती कमी करण्याचा. पण त्याच धर्तीच्या उपचारात पुढे एक धोका दिसला: एवढं सी रक्तात असताना काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, आणि रुग्णाची साखर खरी किती उतरली ते कळत नाही.

आमच्या बाकावरही तेच घडत होतं. जंतू जिवंत किती हे बघायला एमटीटी वापरणार होतो. जिवंत पेशी त्या पिवळ्या रंगाचं जांभळं करतात. चाचणीआधी एका विहिरीत जंतू न घालता नुसतं एस्कॉर्बेट आणि एमटीटी टाकलं. जांभळं! एस्कॉर्बेट स्वतःच ते काम करतं. एमटीटीची बाटली कपाटात परत गेली. जिवंत मोजायला पातळ करून प्लेटवर पसरणं आणि वसाहती मोजणं, बस. कंटाळवाणं आहे, पण ते फसवत नाही.

२७ सप्टेंबर

क्रोमोबॅक्टेरियमवर व्हिटॅमिनमध्ये भिजवलेल्या कागदी डिस्क ठेवल्या. आम्ल स्वरूपातल्या सी भोवती सुरेख पांढरं वर्तुळ. प्लेट उजेडासमोर तिरकी धरली तर वर्तुळात जंतूच नाहीत, तळचं आगर दिसतंय. ते मारणं झालं. आपल्याला हवं ते वर्तुळ धुकट असतं: जंतूंची चादर जागेवर, फक्त रंग नाही. फोटोत हा फरक दिसत नाही, त्यामुळे नुसत्या फोटोवर विश्वास ठेवू नका. वर्तुळातून लूप फिरवा, नव्या प्लेटवर ओढा, वाढ येते का बघा.

तटस्थ एस्कॉर्बेट: धुकट, पण अरुंद. मेनाडायोन: धुकट आणि रुंद, मध्यभागी थोडं स्वच्छ. रायबोफ्लेविन: काही नाही. रंग उलट जरा गडदच वाटला. तेव्हा दुर्लक्ष केलं.

१० ऑक्टोबर

पायोसायनिन. साध्या ल्युरिया ब्रॉथमध्ये इतकं कमी निघालं की व्हिटॅमिनने कमी झालं तरी कळलं नसतं. किंग्ज ए ब्रॉथ घेतल्यावर, त्यातल्या मॅग्नेशियम, सल्फेट आणि ग्लिसरॉलमुळे, दुसऱ्या दिवशी फ्लास्क मोरपंखी.

रीत: जंतू सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवले, वरचं ५ मिली द्रव घेतलं, त्यात ३ मिली क्लोरोफॉर्म, जोरात हलवलं. निळा रंग खाली उतरतो. तो थर १ मिली ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लासोबत हलवला की गुलाबी-लाल वर येतो. ५२० नॅनोमीटरवर रीडिंग, गुणिले १७.०७२, उत्तर मिलीला मायक्रोग्रॅममध्ये. क्लोरोफॉर्मला काचेच्याच नळ्या घ्या. पॉलिस्टायरीनच्या पांढुरक्या पडून पाझरतात. काम फ्यूम हूडमध्ये, आणि उरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतायचं नाही.

सी च्या फ्लास्कमध्ये रंग स्पष्ट फिका. पण पायोसायनिनचं एक लचांड आहे. क्षपण झालं की ते बेरंग होतं, आणि हवा लागली की पुन्हा निळं. मग एस्कॉर्बेटने जंतूचं उत्पादन घटवलं, की तयार झालेलाच रंग लपवला? जंतू गाळून काढलेल्या निळ्या द्रवात एस्कॉर्बेट घातलं, तेवढा वेळ ठेवलं, मग उघड्या नळीत नीट हलवून तीच रीत केली. रीडिंग जवळपास मूळचं. त्यामुळे फ्लास्कमधली घट बहुतांशी उत्पादनातलीच धरली. यापुढे सगळे नमुने काढण्याआधी सारखेच हलवून हवा दिली.

मेनाडायोनने घट जास्त. पण त्याच्या नळीत ओडी ६०० सुद्धा जरा खाली. मात्रा अर्धी केली तेव्हा ओडी सरळ झाली आणि घटही लहान झाली. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिलेत, एकच लिहिण्याचा मोह टाळून.

२२ ऑक्टोबर

बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) मोजणं, क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने. सगळ्यात जास्त प्लेटा यातच संपल्या. निर्जंतुक ९६ विहिरींची एक प्लेट शंभराच्या आसपास पडते आणि ती एकदाच वापरता येते. मामांनी जुन्या धुवून दिल्या, त्यांच्यावर थर नवीनसारखा धरत नाही. बचत नाही, नुकसान.

काय काय बिघडलं ते लिहून ठेवतो. कडेच्या विहिरी आतल्यांपेक्षा लवकर सुकतात आणि त्यांत थर वेगळा दिसतो, म्हणून कडेला फक्त निर्जंतुक पाणी भरा, नमुना नको. धुताना पिपेटचा फवारा थेट तळाला मारला की थर निघून जातो. स्युडोमोनासचा थर हवा आणि ब्रॉथच्या सीमेवर कड्यासारखा धरतो, तेव्हा धुणं हलक्या हाताने, प्लेट पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून. ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट, मग पुन्हा धुणं, उपडी ठेवून वाळवणं, ३३ टक्के असेटिक आम्लात रंग सोडवणं, नव्या प्लेटमध्ये हलवून ५९५ वर वाचणं. नव्या प्लेटमध्ये हलवण्याची पायरी गाळू नका, खरवडलेल्या तळाने रीडिंग नाचतं.

लिबलिबीत आयसोलेटचा थर जाड दिसतो, पण धुताना जेलीसारखा अख्खा सरकून जातो आणि रीडिंग शून्याजवळ येतं. ‘थर बनवत नाही’ असं त्यावरून लिहिणं चूक. त्याला ही चाचणी लागूच पडत नाही.

पीएओ१ मध्ये सी ने थर थोडा कमी, मेनाडायोनने थोडा कमी. दुसऱ्या आठवड्यात तेच केलं तर सी चा फरक विहिरी-विहिरींतल्या चढउतारात बुडाला. अहवालात सी चा बायोफिल्मवरचा परिणाम ‘अनिश्चित’ असा जाईल.

२५ ऑक्टोबर

रायबोफ्लेविन. पायोसायनिन कमी होण्याऐवजी जास्त. क्रोमोबॅक्टेरियमचा तो गडद रंग आठवला. पहिली शंका रंगाच्या गोंधळाची, कारण रायबोफ्लेविन पिवळं आहे. पण त्याचं शोषण ४४५ च्या आसपास, ५२० वर फारसं नाही, आणि क्लोरोफॉर्ममध्ये ते जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे वाढ खरी असावी.

मॅडमनी २००८ चा एक शोधनिबंध पुढे केला. त्यात दाखवलंय की रायबोफ्लेविन आणि उजेडात त्याच्यापासून बनणारं ल्युमिक्रोम ही दोन्ही लासआर या कानाला जागं करतात. वनस्पती आणि जंतू यांच्या संवादाचा तो अभ्यास होता, जखमेचा नव्हे. पण कान तोच. आमची बाटली फॉइलमध्ये होती, फ्लास्क मात्र शेकरवर ट्यूबलाइटखाली उघडे. फॉइल गुंडाळून पुन्हा केलं. वाढ उरली, पण कमी.

‘व्हिटॅमिन आहे, बरंच करेल’ हे गृहीत धरून विषय निवडला होता. निदान बी२ च्या बाबतीत ते उलटं निघालं.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फटाक्यांनी भाजलेले रुग्ण आल्याचं ताईंनी फोनवर सांगितलं. कुणी हळद लावून, कुणी टूथपेस्ट लावून. भाजल्यावर वाहतं गार पाणी, आणि मग दवाखाना. हे लिहितोय कारण या नोंदी वाचून कुणीतरी जखमेवर सी ची पावडर भुरभुरवेल अशी धास्ती वाटते. करू नका. ते आम्ल आहे, आग होईल आणि जखम बिघडेल.

ताईंनीच विचारलं, "पण आमच्याकडे सगळ्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन लावतात, त्याच्यावर तुमचं व्हिटॅमिन चालेल का?" १९६८ साली आलेलं आणि पुढे जगभर वापरात गेलेलं पांढरं मलम. इतके महिने कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

वॉच ग्लासवर मलम घेतलं, त्यात सोडियम एस्कॉर्बेटचं द्रावण कालवलं. डोळ्यांदेखत करडं, मग काळपट. एस्कॉर्बेट चांदीच्या आयनांचं धातूरूप चांदीत रूपांतर करतं, आणि जंतूंवर काम करतात ते आयन. आगरमध्ये खड्डे पाडून एकात नुसतं मलम, दुसऱ्यात कालवलेलं भरलं. कालवलेल्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ लहान. म्हणजे वॉर्डात आज लावतात त्या औषधासोबत सी वरून लावणं हे ते औषध मोडणं ठरेल. पूर्ण प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी प्रयोग हाच असावा, आणि त्याला खर्च आला एका मलमाच्या ट्यूबचा.

मेनाडायोनची कथा वेगळ्या कारणाने अडते. माणसात, विशेषतः नवजात बाळांत आणि जी६पीडी विकर कमी असणाऱ्यांत, ते लाल पेशी फोडतं. पशुखाद्यात चालतं, पण भाजलेल्या उघड्या अंगावर लावायला कुणी सुचवणार नाही. आमच्यासाठी ते आता फक्त तुलनेचं साधन.

२ डिसेंबर

ब्रॉथ सोडून जखमेसारख्या द्रवात. अर्धं गाईच्या वासराचं सीरम, अर्धं मीठ घातलेलं ०.१ टक्का पेप्टोन वॉटर. सीरम महाग, म्हणून घनफळं लहान केली आणि १ सेंमी गॉजच्या तुकड्यांवर काम केलं. गॉजवर क्रिस्टल व्हायोलेट चालत नाही, कापूसच रंग पितो. तुकडे धुवून, मीठ-पाण्यात व्होर्टेक्स करून (यंत्रावर जोरात घुसळून), पातळ करून प्लेटवर. गॉजमधून सगळे जंतू सुटत नाहीत, म्हणून व्होर्टेक्सचा वेळ सगळ्यांना घड्याळ लावून सारखा.

सीरममध्ये वाढ वेगळी, रंग वेगळा, सगळंच वेगळं. सी चा परिणाम जवळपास दिसेनासा झाला. गॉजवरची संख्या सारखी, हे अपेक्षितच. प्रोटिएजचं कडंही सारखं. मेनाडायोनचा परिणामही उतरला. ते सीरममधल्या प्रथिनांना चिकटत असावं. सी च्या बाबतीत मला लोहाचा संशय आहे. सीरममधलं ट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे पेरॉक्साइडही कमी बनणार आणि जंतूची लोहाची भूकही बदलणार. हे तपासायला कॅटालेजची रांग सीरममध्येही लावायला हवी होती. सीरमची बाटली तोवर संपली.

१३ डिसेंबर

आयसोलेटवरचे आकडे जुळवले. किंग्ज ए मध्ये, ७.२ वर, १ मिग्रॅ/मिली एस्कॉर्बेट, कॅटालेजसह: गर्द निळ्या आणि एका फिक्या हिरव्या आयसोलेटमध्ये पायोसायनिन पीएओ१ सारखंच उतरलं. दुसऱ्या हिरव्यात फरक नाही. तपकिरी मुळातच पायोसायनिन करत नाही, त्याला ही फूटपट्टी लावता येत नाही. चमकणाऱ्यात, अपेक्षेप्रमाणे, प्रोटिएज आधीही नव्हतं, नंतरही नाही. लिबलिबीत अजून मोजायचा आहे. त्याच्या द्रवातून जंतू खाली बसत नाहीत, जास्त फेऱ्यांचं सेंट्रिफ्यूज शेजारच्या विभागात आहे आणि त्याचा रोटर दुरुस्तीला गेलाय.

इलास्टेज (ऊतीतलं इलास्टिन फोडणारं विकर) मोजायचं राहिलं. त्याला लागणाऱ्या इलास्टिन-काँगो रेडची किंमत ऐकून मॅडमनी कोटेशन बाजूला ठेवलं. स्किम मिल्कवरच्या कड्याचा व्यास मोजून काम चालवलंय. ते एकट्या इलास्टेजचं माप नाही, एकूण प्रोटिएजचं आहे. अहवालात तसंच लिहिलंय.

खर्चाची वही मामांकडे आहे. प्लेटा पहिल्या, सीरम दुसरं, मेनाडायोन तिसरं. सी शेवटून पहिलं.

पीएओ१ आणि आयसोलेट २० टक्के ग्लिसरॉलमध्ये खोल फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत, क्रमांक डब्याच्या झाकणावर आहेत. परवानगीची मुदत मार्चपर्यंत. जूनमध्ये कुणी पुढे नेणार असेल तर नवा अर्ज आत्ताच टाका, आणि सीरमची ऑर्डर कॅटालेजसोबत द्या.